वाचकांचे प्रश्न : कुत्र्याला घेऊन लांबचा प्रवास

प्रश्न : माझ्या यजमानांची बदली पुण्याहून डेहराडूनला झाली असून जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांना तेथे रुजू व्हायचे आहे. आमचा बंड्या नऊ वर्षांचा लॅब्रेडॉर आहे. वजन ३९ किलो. सामान ट्रकने पुढे जाईल आणि आम्ही दोघे, सासूबाई व बंड्या मे महिन्याच्या शेवटी मोटारीने निघू, असा बेत आहे. तीन दिवसांत पोहोचावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. सासूबाई म्हणतात, त्याला इथेच कोणाकडे तरी ठेवा, उगाच हाल करू नका. रोज किती अंतर कापावे, मुक्काम कुठे करावा आणि त्याला वाटेत काय खायला द्यावे, हे कृपया सांगावे. बंड्याची तब्येत तशी चांगली आहे. गेल्या वर्षभरात भुंकण्याचा आवाज घोगरा झाला आहे आणि पाणी पिताना कधीकधी ठसका लागतो, पण तो वयाचा भाग असावा.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या वाक्यावर थांबलो. अंतर, मुक्काम आणि खाणे यांविषयी पुढे लिहितोच. पण नऊ वर्षांच्या लॅब्रेडॉरचा आवाज घोगरा होणे आणि पाणी पिताना त्याला ठसका लागणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पशुवैद्याच्या मनात सर्वांत आधी स्वरयंत्राच्या पक्षाघाताची शंका येते. मोठ्या जातींच्या, विशेषतः लॅब्रेडॉरच्या, उतारवयातील कुत्र्यांमध्ये हा विकार आढळतो. श्वास आत घेताना स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंच्या कूर्चा बाजूला सरकून वाट मोकळी करून देतात. त्यांना हलवणाऱ्या नसा दुबळ्या झाल्या की ही वाट अर्धवटच उघडते आणि श्वास घेताना घरघर ऐकू येऊ लागते. अशा कुत्र्याचे घरात, पंख्याखाली, सावकाश चालताना काहीच बिघडलेले दिसत नाही, आणि त्यामुळेच घरच्यांना तो ‘वयाचा भाग’ वाटतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो शरीरातील उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो, आणि धापा टाकण्यासाठी घशाची वाट मोकळी असावी लागते. ती अरुंद असलेला कुत्रा उन्हात जितक्या जोराने श्वास घेऊ पाहतो, तितका घसा आतून सुजतो, वाट आणखी अरुंद होते आणि ताप चढतच जातो. मे महिन्याच्या अखेरीस ग्वाल्हेर-आग्रा पट्ट्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. त्या हवेत, घशाची तपासणी न केलेल्या ३९ किलोच्या लॅब्रेडॉरला घेऊन जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वजनाविषयीही आताच सांगून टाकतो : या जातीच्या नराचे वजन साधारणपणे ३० ते ३६ किलो असावे, आणि अंगावरची जास्तीची चरबी उष्णता धरून ठेवते.

तेव्हा या आठवड्यातच बंड्याला तपासून घ्यावे. थोडीशी भूल देऊन स्वरयंत्राची हालचाल प्रत्यक्ष पाहिली की निदान होते. जिना चढताना तो मागचे पाय ओढतो का, हेही डॉक्टरांना सांगावे, कारण या विकारात पुष्कळदा मागील पायांतही अशक्तपणा येतो. घसा निर्दोष निघाला तर उत्तमच. दोष निघाला, तर तो सौम्य आहे की शस्त्रक्रियेची गरज आहे हे डॉक्टर ठरवतील आणि प्रवासाचा निर्णय त्यानंतर होईल. काहीही निघाले तरी आजपासून गळपट्ट्याला साखळी लावून त्याला ओढणे बंद करावे आणि छातीवरून बांधायचा हार्नेस वापरावा. गळपट्टा केवळ नाव आणि मोबाईल क्रमांकाचा बिल्ला अडकवण्यापुरता राहू द्यावा.

सासूबाईंचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही, पण पूर्ण खोडूनही काढता येत नाही. नवव्या वर्षी कायमचे दुसऱ्याच्या घरी राहणे हे बंड्याच्या दृष्टीने प्रवासापेक्षा मोठे हाल आहेत. मात्र ‘आत्ता’ ठेवणे आणि ‘कायमचे’ ठेवणे यांत फरक आहे. यजमानांनी जूनमध्ये एकट्याने पुढे जाऊन घर लावावे आणि तुम्ही, सासूबाई व बंड्या यांनी पाऊस उत्तरेत पोहोचल्यावर, जुलैच्या मध्यानंतर किंवा त्याहून चांगले म्हणजे ऑक्टोबरात निघावे, ही व्यवस्था शक्य असेल तर मी तिचाच आग्रह धरीन. तोपर्यंत तीन-चार किलो वजनही उतरवता येईल. दोन घरांचा खर्च काही महिने सोसावा लागेल, याची मला जाणीव आहे.

आता प्रवासाविषयी. पुण्याहून धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली या मार्गाने डेहराडून सुमारे १,७०० किलोमीटर पडते. तीन दिवसांत हे अंतर कापायचे म्हणजे रोज साडेपाचशेहून अधिक किलोमीटर, म्हणजे दुपारचे ऊन संपूर्ण अंगावर घेणे आले. कुत्रा सोबत असताना दिवसाचे काम सकाळी अकराच्या आत उरकावे, हा माझा नियम आहे. पहाटे चारला निघाल्यास सात तासांत, थांबे धरून, साधारण साडेतीनशे किलोमीटर होतात. (पहाटे निघण्याने चाकणची कोंडीही टळते, हा फायदा यजमानांना लगेच पटेल.) या हिशेबाने पहिला मुक्काम धुळ्याला, दुसरा इंदूर ओलांडून देवासला, तिसरा शिवपुरीला आणि चौथा आग्र्याला येतो. पाचव्या दिवशी आग्रा ते डेहराडून हा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा टप्पा उरतो. तो जड वाटल्यास दिल्लीच्या अलीकडे आणखी एक रात्र काढावी. सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट आणि पुढे मानपूरचा घाट मालवाहू गाड्यांच्या मागे सावकाश चढावे लागतात. दुसऱ्या दिवशीचा टप्पा मी त्यासाठीच मुद्दाम लहान ठेवला आहे.

मुक्कामाची जागा निघण्याआधी ठरवावी, आणि ‘कुत्रा चालेल’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. ३९ किलोचा लॅब्रेडॉर आहे हे सांगून, तो खोलीतच राहील ना, तळमजल्यावर खोली मिळेल का आणि जादा आकार किती, हे फोनवर विचारून तेच व्हॉट्सॲपवर लेखी मागून घ्यावे. रात्री दारात पोहोचल्यावर ‘कुत्रा आवारात बांधा’ असे ऐकावे लागलेली कुटुंबे मला ठाऊक आहेत. खोलीत शिरल्यावर आधी पलंगाखाली आणि न्हाणीघरात नजर टाकावी. उंदराचे औषध आणि फिनेलची उघडी बादली या दोन्ही गोष्टी कुत्र्याला सर्वांत आधी सापडतात.

गाडीत त्याला मागच्या आसनावर, सीटबेल्टला जोडलेल्या हार्नेसने बांधावे. पुढच्या आसनावर एअरबॅग असते, म्हणून तेथे नको. खिडकीतून डोके बाहेर काढून वारा पिणारा कुत्रा पाहायला छान दिसतो, पण महामार्गावरची खडी आणि किडे डोळ्यांत जातात. मागच्या आसनावर सासूबाईही बसणार असतील तर निघण्यापूर्वी तीन-चार वेळा तासाभराची फेरी मारून दोघांना शेजारी बसण्याची सवय करावी. हे मी गमतीने लिहीत नाही, कारण पाच दिवस एकाच्या अंगावर दुसऱ्याचे डोके, हा प्रश्न हार्नेसने सुटत नाही.

दर दोन-अडीच तासांनी पंधरा मिनिटे थांबावे, थोडे पाणी पाजावे आणि पाय मोकळे करू द्यावेत. येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : साखळी हार्नेसला अडकवली आहे आणि तिचे दुसरे टोक कोणाच्या तरी मुठीत आहे, याची खात्री झाल्याशिवाय गाडीचे कोणतेही दार उघडायचे नाही. प्रवासात हरवलेल्या ज्या कुत्र्यांची हकीकत मी ऐकली आहे, त्यांतील बहुतेक उघड्या दारातून उडी मारून गेलेले होते. शहाणा, आज्ञाधारक, ‘हाक मारली की येणारा’ कुत्रासुद्धा ट्रकच्या भोंग्याने बिथरतो आणि अनोळखी गावात त्याला परतीचा वास सापडत नाही. ढाब्याच्या दारात थांबू नये, कारण तेथील कुत्री ती जागा आपली मानतात आणि बंड्याने उतरताच अंगावर येतात. पेट्रोल पंपाची मोकळी, कडेची जागा बरी. चुकून चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि आधी लस झालेली असली तरी रेबीजच्या पुढच्या डोसांसाठी त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. डांबरावर किंवा काँक्रीटवर उतरवण्याआधी आपल्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद जमिनीवर टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही.

जेवणासाठी सर्वांनी एकदम उतरू नये. एकाने कुत्र्यापाशी थांबावे. बाहेर ३० अंश सेल्सिअस असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ४० आणि अर्ध्या तासात ४५ अंशांच्या पुढे तापमान जाते, आणि काच चार बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक लॅब्रेडॉर आणला होता. मालकांनी गाडी कडुनिंबाच्या दाट सावलीत लावली होती, काचा थोड्या खाली होत्या, आणि जेवणाला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात सावली सरकली. माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्याचा ताप १०८ अंश फॅरेनहाइट होता. आम्ही त्याला वाचवू शकलो नाही.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. एक डिजिटल थर्मामीटर सोबत ठेवा आणि गुदद्वारातून ताप कसा मोजायचा हे डॉक्टरांकडून घरीच शिकून घ्या. धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट झाली आहे, हिरड्या गडद लाल दिसत आहेत, पाय लटपटत आहेत, असे दिसले आणि ताप १०४ च्या वर असला, तर दवाखाना शोधत बसण्याआधी त्याला जागच्या जागी थंड करणे सुरू करावे : साधे पाणी सर्वांगावर, विशेषतः पोटावर आणि जांघांत ओतत राहावे, वारा घालावा, एसी पूर्ण लावावा आणि मग गाडी हलवावी. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये. तो काही मिनिटांत गरम होऊन आतली उष्णता कोंडतो. ताप १०३ वर आला की पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर शरीर नको तितके थंड पडते. यासाठी पिण्याच्या पाण्याशिवाय वीस लिटरचा एक कॅन नेहमी भरलेला असावा.

खाण्याबाबत फार चिंता नको. घरी जे खातो तेच, तेवढेच, सोबत न्यावे. मुख्य जेवण मुक्कामी पोहोचून तो निवांत झाल्यावर द्यावे. पहाटे निघताना काही देऊ नये किंवा मूठभर द्यावे. ढाब्यावरची रस्साभाजी, कोंबडीची शिजलेली हाडे, कांदा-लसूण घातलेले काहीही आणि मनुका त्याच्या तोंडी जाऊ देऊ नयेत. पोट बिघडलेच तर एक वेळ उपास आणि मग मऊ दहीभात. आपल्यासाठी सोबत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांतील एकही गोळी त्याला देऊ नये.

कागदपत्रांपैकी रेबीज व इतर लसींचे पुस्तक आणि पशुवैद्याने दिलेले आरोग्य प्रमाणपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवावे. प्राण्यांची वाहतूक नियम, १९७८ अन्वये कुत्र्याच्या वाहतुकीत, रस्त्यानेसुद्धा, तो प्रवासास योग्य असून त्याला संसर्गजन्य रोग नसल्याचे प्रमाणपत्र सोबत असावे लागते. वाटेत कोणी विचारीलच असे नाही, पण हॉटेलवाले विचारतात.

शेवटच्या टप्प्यात सहारनपूर सोडल्यावर मोहंडजवळ शिवालिकच्या जंगलातून, राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने जुना रस्ता जातो. तेथे माकडे रस्त्यावरच बसलेली असतात. त्या पट्ट्यात काचा बंद ठेवून, न थांबता पुढे जावे. आणि डेहराडूनला पोहोचल्यावर, घर शहराच्या कडेला असल्यास, बंड्याला रात्री अंगणात सोडू नये. त्या भागात बिबटे वस्तीजवळ येतात आणि कुत्रा हे त्यांचे नेहमीचे भक्ष्य आहे.

प्रश्न : आमची चिंगी ही दीड वर्षाची गावठी कुत्री आहे. डिसेंबरमध्ये आम्ही तिला घेऊन कन्याकुमारीपर्यंत जाणार आहोत. पण पन्हाळ्यापर्यंत नेले तरी ती गाडीत उलटी करते. काही उपाय आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पिल्लांच्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा पुरती विकसित झालेली नसल्यामुळे त्यांना गाडी लागते, आणि वर्षभराची होईपर्यंत बहुतेकांची ही तक्रार जाते. दीड वर्षानंतरही ती राहिली असेल, तर कारण पुष्कळदा कानात नसून आठवणीत असते. चिंगी आजवर गाडीत बसून कुठे कुठे गेली, हे आठवून पाहा. लसीसाठी, नसबंदीसाठी, टाके काढण्यासाठी, असे उत्तर येत असेल, तर तिला गाडीचा राग आला यात नवल नाही.

तुमच्या हाती काही महिने आहेत. पहिला आठवडा उभ्या गाडीत, इंजिन बंद आणि दारे उघडी ठेवून तिला जेवण द्यावे. पुढच्या आठवड्यात इंजिन सुरू करून. त्यानंतर फाटकापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत आणि मग रंकाळ्यापर्यंत न्यावे, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी तिला आवडणारे काहीतरी, फिरणे किंवा खेळणे, असावे. उलटीच्या आधी ती ओठ चाटते, वारंवार जांभया देते, लाळ गाळते. ही चिन्हे दिसताच थांबून उतरवावे, कारण एक उलटी म्हणजे आठवड्याची मेहनत पाण्यात. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोट रिकामे असावे आणि काच इंचभर उघडी असावी. कुत्र्यांच्या प्रवासातील उलटीवर मॅरोपिटंट हे औषध चांगले लागू पडते. ते पशुवैद्याच्या चिठ्ठीने, वजनाप्रमाणे घ्यावे. घरातील माणसांची उलटीची गोळी अर्धी करून देण्याची पद्धत आहे, ती सोडावी.

नोव्हेंबरअखेर ती दोन तासांचा घाट शांतपणे पार करू शकली तर न्यावे. नाहीतर तिला घरच्या माणसासोबत घरीच राहू द्यावे. कन्याकुमारीचा सूर्योदय पाहण्याची हौस तिला नाही, तुम्हाला आहे.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही ठाण्याहून कोलकात्याला मोटारीने स्थलांतर करत आहोत. आमच्या चार वर्षांच्या पगला अर्धी झोपेची गोळी द्यावी म्हणजे तो वाटेत त्रास देणार नाही, असे शेजारी सांगतात. किती प्रमाणात द्यावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात देऊ नये. पगचे नाक आखूड, नाकपुड्या अरुंद आणि टाळू लांब असते, त्यामुळे त्याचा श्वास मुळातच कष्टाचा असतो. गुंगीत घशाचे स्नायू सैल पडले आणि शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती मंदावली, तर गाडीच्या मागच्या आसनावर काय घडत आहे हे तुम्हाला कळणारही नाही. शांत झोपलेला कुत्रा आणि गुदमरलेला कुत्रा आरशातून सारखेच दिसतात. त्याची भीती खरोखर तीव्र असेल तर पशुवैद्य चिंता कमी करणारे सौम्य औषध देऊ शकतात, पण त्याची चाचणी आधी घरी, सुट्टीच्या दिवशी, करून पाहिलेली असावी.

ऑक्टोबरात आपल्याकडे आणि विदर्भात दुपारी चांगलेच तापते, म्हणून रेल्वेचाही विचार करावा. वातानुकूलित प्रथम श्रेणीतील दोन शायिकांचा कूपे किंवा चार शायिकांची पूर्ण केबिन तुमच्याच नावावर असेल तर कुत्र्याला तुमच्यासोबत नेता येते. त्यासाठी गाडी सुटण्याआधी पुरेसा वेळ हाती ठेवून पार्सल कार्यालयात त्याची नोंद करावी लागते. गार्डच्या डब्यातील पेटीतून पगला पाठवू नये.

प्रश्न : मोटारीने राजस्थान फिरून येऊन बारा दिवस झाले. सोबत नेलेला आमचा कुत्रा दोन दिवसांपासून जेवत नाही, अंग गरम लागते आणि आज सकाळी नाकातून थोडे रक्त आले. प्रवासाचा शीण असेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हे पत्र हाती पडताच या वाचकांना फोनवरून त्याच दिवशी दवाखान्यात जाण्यास सांगितले, येथे छापत आहे ते इतरांसाठी. हा शीण नव्हे. ताप, अन्नावरची वासना जाणे आणि नाकातून रक्त येणे ही गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची लक्षणे आहेत, आणि गोचीड चावल्यानंतर ती दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे प्रवासाशी संबंध जोडायचे घरच्यांना सुचत नाही. फिकट हिरड्या आणि गडद रंगाची लघवी हीही धोक्याची चिन्हे आहेत. रक्ताची तपासणी करून प्लेटलेट पाहाव्या लागतात. एर्लिकिया या जंतूचा संसर्ग निघाल्यास डॉक्सिसायक्लिन सहसा चार आठवडे द्यावे लागते, आणि कुत्रा तिसऱ्या दिवशी उड्या मारू लागला तरी ते मध्येच थांबवायचे नसते.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी गोचीडनाशक औषध निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी द्यावे आणि प्रत्येक मुक्कामी रात्री कुत्र्याच्या कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, गळपट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवून पाहावे. गोचीड सापडली तर चिमट्याने अगदी त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. रॉकेल लावणे, काडीचा चटका देणे किंवा नखाने चिरडणे टाळावे, आणि काढलेली गोचीड स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाकून झाकण लावावे. पुढे कुत्रा आजारी पडलाच तर ती बाटली डॉक्टरांना दाखवता येते.